धानाचा उतारा, ताऱ्यांचा उतारा

गोरेगावात बोलायला उभं राहायचं आणि धानाचं नाव काढायचं नाही, हे काही जमणार नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

एक क्विंटल धान भरडाईला दिलं तर तांदूळ किती मिळतो? सरकारी भरडाईचा नियम क्विंटलमागे ६७ किलोचा आहे. एवढा निघतच नाही, कणी फार होते, अशी मिलवाल्यांची तक्रार असते. तो वाद आपण आज बाजूला ठेवू. आपल्याला हवा आहे तो फक्त एक शब्द : उतारा. कच्चा माल किती आत गेला आणि पक्का माल किती बाहेर आला, त्याचं प्रमाण.

आज आम्ही ज्या गिरणीबद्दल बोलणार आहोत तिच्यात कच्चा माल आहे वायू, मुख्यतः हायड्रोजन. पक्का माल म्हणजे तारे. आणि तिचा उतारा शंभराला ६७ नाही, शंभराला जेमतेम दोन ते दहा आहे. इतकी वाईट गिरणी आपल्याकडे आठवड्याभरात बंद पडली असती. ही मात्र शेकडो कोटी वर्षांच्या हिशोबात चालू आहे, आणि ती अशी वाईट चालते म्हणूनच आपण इथे बसलो आहोत. ते कसं, ते बघू.

आधी कच्चा माल पाहून घेऊ. हिवाळ्यात रात्री नागझिऱ्याच्या जंगलाकडे थोडं आत गेलात, गावातले दिवे मागे पडले, की मृग नक्षत्र छान दिसतं. मृगाच्या पोटात घुसलेला बाण, ते तीन तारे, सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या जरा खाली, दक्षिणेला, एक धूसर ठिपका दिसतो. साधी दुर्बीण लावली तर तो तारा नाही, पुंजका आहे, हे लगेच कळतं. हा मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा. तिथे आत्ता, या घडीला, तारे जन्मत आहेत. पण आपल्याला दिसतो तो नुसता उजळलेला तुकडा. त्याच्या मागे आणि भोवती मोठा काळोखा मेघ पसरला आहे, त्यात साधारण लाखभर सूर्य होतील एवढा वायू आहे. आणि त्यातून आतापर्यंत तयार झालेले तारे? सगळे मिळून एक-दोन हजार सूर्यांच्या वजनाचे. म्हणजे शंभराला एक-दोन. अजून त्याची भरडाई संपलेली नाही हे खरं, पण आकडा किती लहान आहे ते ध्यानात ठेवा.

हे मेघ म्हणजे काय? ढग म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे आषाढातले ढग येतात. तसं काही नाही. इथे एका घन सेंटीमीटरमध्ये शंभर-एक रेणू असतात. या खोलीतल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर अठरा शून्यं एवढे आहेत. म्हणजे आपल्या मापाने तो मेघ जवळजवळ रिकामाच. पण आकार प्रचंड, शेकडो प्रकाशवर्षांचा, म्हणून एकूण वजन भरपूर. आणि थंडी इतकी की उणे २६० अंशांच्या आसपास. एवढ्या थंडीत वायूचा आतून बाहेर ढकलणारा दाब फार कमी पडतो, त्यामुळे मेघाचं स्वतःचंच वजन त्याला आत ओढायला लागतं. गुरुत्वाकर्षणाचं काम सुरू होतं.

इथेच कोडं आहे. फक्त गुरुत्वाकर्षण असतं, अडवणारं कुणीच नसतं, तर असा मेघ किती वेळात आत कोसळला असता? गणित सोपं आहे आणि उत्तर येतं सुमारे ४० लाख वर्षं. खगोलशास्त्रात हा क्षण म्हणायचा. आपल्या आकाशगंगेत असा थंड, रेणूंचा वायू साधारण १०० कोटी सूर्यांएवढा आहे. १०० कोटींना ४० लाखांनी भागा. वर्षाला २५० सूर्य निघायला हवेत. प्रत्यक्षात किती निघतात? एक ते दोन!

ही तफावत १९७४ साली झुकरमन आणि इव्हान्स या दोघांनी दाखवून दिली. त्या आधी बऱ्याच जणांचा समज होता की मेघ दिसला म्हणजे तो कोसळतोच आहे. हे दोघं म्हणाले, तसं असेल तर तारे कुठे आहेत? पन्नास वर्षं झाली, हा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही.

पुढे जाण्याआधी एक घोळ टाळू. उतारा या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न लपलेले आहेत, आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिला प्रश्न एका मेघाचा : जन्मापासून मरेपर्यंत त्याने आपल्यातला किती वायू ताऱ्यांत बदलला? हा भरडाईचा प्रश्न. दुसरा प्रश्न अख्ख्या दीर्घिकेचा : आज ज्या वेगाने तारे होत आहेत त्याच वेगाने होत राहिले, तर साठा किती वर्षं पुरेल? हा तलावाचा प्रश्न. तुमच्याकडे गावोगावी मामा तलाव आहेत, मालगुजारांच्या काळचे. पाणी किती आहे आणि कालव्यातून रोज किती जातं, हे कळलं की तलाव किती दिवस पुरेल ते सांगता येतं. पाऊस पडला तर गोष्ट वेगळी. त्या पावसाकडे आपण शेवटी येऊ.

तलावाचं उत्तर आधी देतो, कारण ते जास्त पक्कं आहे. आपल्या शेजारच्या मोठ्या सर्पिल दीर्घिकांत रेणूवायूचा साठा आजच्या वेगाने सुमारे २०० कोटी वर्षं पुरेल. आश्चर्य म्हणजे एक दीर्घिका ते दुसरी दीर्घिका हा आकडा फारसा हलत नाही. दुपटीने इकडे, निमपटीने तिकडे, बस. नियम मोडणाऱ्या जागाही आहेत. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात तेव्हा वायू इतका दाबला जातो की काही ठिकाणी साठा १० कोटी वर्षांच्या आत संपेल असा वेग येतो. उलट आपल्याच आकाशगंगेच्या केंद्राजवळ वायू दाट आहे, भरपूर आहे, पण अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने तारे होत आहेत. म्हणजे नुसता माल असून भागत नाही.

पण हे मोजतात कसं? थंड हायड्रोजन रेणू स्वतः काहीच प्रकाश देत नाही. तो गप्प असतो. म्हणून त्याच्यासोबत राहणाऱ्या, प्रमाणाने फारच थोड्या असलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूला विचारावं लागतं. हाच तो विषारी वायू, बंद खोलीत शेगडी पेटवली की माणसं दगावतात तो. तो मिलिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. चिलीत अटाकामाच्या वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर, ६६ अँटेनांची अल्मा नावाची दुर्बीण आहे. तिने शेजारच्या ९० दीर्घिकांमधले असे जवळपास एक लाख मेघ टिपले. ‘फँग्ज’ हे त्या प्रकल्पाचं नाव. याआधी दुसऱ्या दीर्घिकेतला एक-एक मेघ सुटा पाहणं म्हणजे नशिबाची गोष्ट होती. आता जणू जनगणनाच हातात आली.

एक शंका इथेच नोंदवून ठेवू. कार्बन मोनॉक्साइडवरून हायड्रोजन काढायचा म्हणजे पोत्यावरच्या चिठ्ठीवरून आतल्या मालाचा अंदाज करण्यासारखं आहे. आपल्यासारख्या मोठ्या दीर्घिकेत चिठ्ठी बरोबर निघते. पण लहान दीर्घिकांत कार्बन आणि ऑक्सिजन मुळातच कमी, त्यामुळे हायड्रोजन असूनही कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ दिसत नाही. तिथे उताऱ्याचा कुठलाही आकडा कुणी ठासून सांगितला, तर आम्ही जरा सावध होतो.

आता भरडाईचा प्रश्न. मेघाचं आयुष्य लाखो-कोटी वर्षांचं, आपलं साठ-सत्तर वर्षांचं. एकाही मेघाला जन्मताना आणि मरताना आपण पाहू शकत नाही. मग त्याचं आयुष्य मोजायचं कसं? त्याला एक युक्ती आहे, आणि ती आम्हाला फार आवडते. समजा तुम्ही परग्रहावरून आलात आणि तुमच्याकडे गोरेगावचा एकच फोटो आहे, एकाच दिवसाचा. फोटोत शाळेत जाणारी मुलं मोजली, २०० निघाली. शाळेत न जाणारी तान्ही-लहान मुलं मोजली, १०० निघाली. शाळा पहिली ते दहावी, दहा वर्षांची, एवढं एक तुम्हाला कुणीतरी सांगितलं. मग लहानपण किती वर्षांचं? पाच. मुलांना वाढताना न बघताच उत्तर मिळालं.

दीर्घिकेत असंच करतात. एका नकाशावर थंड मेघ, दुसऱ्यावर तरुण, तापट, मोठ्या ताऱ्यांनी उजळवलेला वायू. मोठे तारे किती काळ असे तळपतात हे ताऱ्यांच्या शास्त्रातून माहीत आहे, ते झालं आपलं शाळेचं घड्याळ. मग कुठे नुसताच मेघ आहे, कुठे नुसतेच तारे आहेत आणि कुठे दोन्ही एकत्र आहेत, हे मोजायचं.

डीडरिक क्रुइसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एनजीसी ३०० या सुमारे ६० लाख प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेवर हे करून दाखवलं. मेघ आणि तरुण तारे एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडले. म्हणजे दोघांचा सहवास अगदी थोडा, तारे पेटले की मेघ नाहीसा. मेघाचं आयुष्य निघालं सुमारे एक कोटी वर्षं, आणि मोठे तारे उजळल्यावर तो उधळून जायला लागली जेमतेम १५ लाख वर्षं. उतारा : शंभराला दोन-तीन. पुढच्याच वर्षी मेलानी शेवांस यांच्या गटाने नऊ दीर्घिकांवर तेच मोजलं. आयुष्य एक ते तीन कोटी वर्षं, उतारा चार ते दहा टक्के.

हे आकडे तलावाच्या आकड्याशी जुळतात का? ढोबळ हिशोब करून बघा. साठा २०० कोटी वर्षांचा, मेघाचं आयुष्य दोन कोटींचं, म्हणजे एका आयुष्यात शंभरातला एक भाग वापरला जातो. शेवांस यांचा आकडा याच्यापेक्षा मोठा आहे, कारण मेघांच्या मधे जो पसरट, निवांत पडलेला वायू असतो तो त्यांनी हिशोबातून वेगळा काढला. त्याची गिरणीत अजून पाळीच आलेली नाही, मग तो उताऱ्यात कशाला धरायचा? आम्हाला हे पटतं. पण दोन शोधनिबंधांतले टक्के शेजारी ठेवताना छेदात काय आहे ते आधी बघावं लागतं.

आता खरा मुद्दा : मेघ मोडतो कोण? बरीच वर्षं बोट दाखवलं जायचं सुपरनोव्हाकडे, मोठ्या ताऱ्याच्या स्फोटाकडे. स्फोट म्हटलं की सगळ्यांना पटतंही लगेच. पण वेळ जुळत नाही. मोठ्यातला मोठा तारा झाला तरी फुटायला तीन-चार लाख नव्हे, तीस-चाळीस लाख वर्षं घेतो. एनजीसी ३०० मधला मेघ तर १५ लाखांतच उधळलेला असतो. म्हणजे तिथे सुपरनोव्हा येतो तो वरातीमागून घोडं तसा. खरं काम त्याआधीच झालेलं असतं, आणि ते करतो नुसता उजेड. नवजात मोठ्या ताऱ्याचे अतिनील किरण भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे करतात, उणे २६० अंशांचा वायू दहा हजार अंशांच्या घरात जातो, आणि तापलेला वायू फुगतो. जोडीला ताऱ्यांवरून सुटणारे वारे असतात. कुकरची शिट्टी उडावी तसं दाबाखालचं सगळं बाहेर फेकलं जातं. मोठं झालेलं पोर ज्या घरात जन्मलं तेच घर मोडून टाकतं, आणि पाठच्या भावंडांना जागा उरत नाही.

याला दुसरी बाजू आहे, ती सांगायला हवी. काही अभ्यासकांच्या मते मेघ मुळातच सुस्त असतात. आतल्या वायूची खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना कोसळू देत नाहीत, म्हणून तारे हळूहळू होतात. पहिल्या मतानुसार मेघ झपाट्याने कामाला लागतो आणि झपाट्याने मरतो, दुसऱ्या मतानुसार तो रेंगाळतो. शेवटचा उतारा दोन्हींत कमीच येतो, म्हणून नुसत्या उताऱ्यावरून निकाल लागत नाही. त्यासाठी आयुष्य मोजावं लागलं. आमचा कल पहिल्या मताकडे आहे, पण खळबळीला अजिबात काम नाही असं आम्ही म्हणणार नाही. दोन्ही मिळून घडत असावं.

गिरणीची उपमा इथे मात्र सोडून द्यावी लागते. धानाचा कोंडा पुन्हा धान होत नाही. मेघातून उडालेला वायू वाया जात नाही, तो दीर्घिकेतच फिरतो, थंड होतो, पुन्हा मेघ बनतो. उतारा पाच टक्के धरला तर हायड्रोजनचा एखादा अणू सरासरी वीस वेळा मेघात शिरेल तेव्हा कुठे ताऱ्यात जाईल. आणि प्रत्येक फेरीत आधीच्या ताऱ्यांनी मरताना टाकलेला कार्बन, ऑक्सिजन, लोखंड त्यात थोडं थोडं मिसळत जाईल. आकाशगंगेचा सगळा वायू पहिल्याच धडाक्यात तारे होऊन संपला असता, तर सूर्य जन्मला ४६० कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा त्याच्यासाठी वायू उरला नसता. उरला असता तरी पृथ्वी घडवायला लोखंड नसतं.

आता पावसाकडे येऊ, आणि त्यासाठी आपल्याच राज्यात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरांत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही रेडिओ दुर्बीण. ती रेणू नाही, सुटा अणू ऐकते. हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटर लांबीची लहर सोडतो. अणुवायू म्हणजे तलावाच्या वरच्या अंगाला असलेलं पाणलोट क्षेत्र : तिथून आलेलं पाणी मग रेणूवायूच्या तलावात उतरतं.

खोडदहून शेजारच्या बुटक्या दीर्घिकांचा मोठा अभ्यास झाला. सप्तर्षीच्या भागात एनजीसी ३७४१ नावाची एक बारकी दीर्घिका आहे, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर. आयेशा बेगम आणि जयराम चेंगालूर यांनी जीएमआरटीने पाहिलं तर तिचा वायू ताऱ्यांच्या तबकडीच्या आठपटींहून जास्त लांब पसरलेला निघाला. म्हणजे पाणी चिक्कार, पण तलावापर्यंत येतच नाही. वायू विरळ असेल तर त्याचे रेणूच बनत नाहीत, मेघ होत नाहीत, आणि मग भरडाईची गोष्टच नको.

२०२० साली पुण्याच्या एनसीआरएचे आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, चेंगालूर आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे शिव सेठी व द्वारकानाथ यांनी आणखी मोठी उडी मारली. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिका घेतल्या. इतक्या लांबच्या एका दीर्घिकेचा २१ सेंटीमीटरचा आवाज ऐकू येणं अशक्यच, म्हणून ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सरासरी काढली. एका वारकऱ्याच्या टाळाचा आवाज लांबून कळत नाही, दिंडीचा कळतो, तसं. उत्तर काय आलं? त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण तारे इतक्या वेगाने होत होते की अणुवायूचा साठा शे-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. आजच्या दीर्घिकांच्या मानाने हे फार कमी. आणि विश्वात ताऱ्यांचा जन्मदर त्यानंतर घसरत गेला आहे, शिखराच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आला आहे, हे आधीपासून माहीत होतं. खोडदच्या मोजणीने त्याचं कारण समोर आणलं : पाऊस पुरेसा पडला नाही. बाहेरून येणारा वायू खर्चाला पुरला नाही.

दोन प्रश्न आले आहेत. पहिला : सूर्य ज्या मेघात जन्मला तो मेघ आता कुठे आहे? कुठेच नाही. मेघ दोन-तीन कोटी वर्षांत मोडतो आणि सूर्य तर ४६० कोटी वर्षांचा. तेवढ्यात तो आकाशगंगेभोवती वीसेक फेऱ्या मारून आला. त्या मेघाचा उरलेला वायू कधीच विखुरला, त्यातला काही दुसऱ्या ताऱ्यांत असेल.

दुसरा प्रश्न : आपल्या आकाशगंगेचा तलाव कधी आटणार? रेणूवायू १०० कोटी सूर्यांचा आणि खर्च वर्षाला दोन, म्हणजे ५० कोटी वर्षं. पण वरच्या अंगाला अणुवायू त्याच्या कितीतरी पट आहे, मरणारे तारेही थोडा परत देतात, आणि बाहेरून थोडा पाऊस अजून येतो. त्यातलं एक पावसाळी ढग तर मोजून ठेवलेलं आहे. स्मिथ मेघ म्हणतात त्याला, १९६३ मध्ये गेल स्मिथ या विद्यार्थिनीने शोधलेला. त्यात १० लाख सूर्यांहून जास्त वायू आहे आणि साधारण तीन कोटी वर्षांनी तो आपल्या आकाशगंगेच्या तबकडीवर येऊन आदळेल. वर्षाला दोन सूर्य धरले तर निदान पाच लाख वर्षांची बेगमी.